गौरीच्या डब्यामागचा खोका: व्हिडिओ गेम दुरुस्तीच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सांगली

उद्या गौरी यायच्या, म्हणून मुखवट्यांचा डबा काढायला आईने मला माळ्यावर चढवलं. डबा ओढला तर मागे पुठ्ठ्याचा एक खोका, सुतळीने बांधलेला, वर बाबांच्या अक्षरात ‘गेम’ एवढंच. डबा खाली दिला आणि खोका सोडायला मी तिथेच, माळ्यावर, मांडी घालून बसलो.

सगळं आहे. यंत्र, दोन रिमोट, बंदूक, अ‍ॅडॉप्टर, टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचायची वायर. कॅसेटी दोन: एक पिवळी, ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली, आणि एक काळी, काँट्राची. १९९६च्या मे महिन्यात परीक्षेचा निकाल लागल्यावर बाबांनी कोल्हापूरहून हे आणलं होतं. साडेसातशे रुपये. मी आठ वर्षांचा, ताई अकराची. त्या उन्हाळ्यात गल्लीतली सगळी पोरं दुपारी आमच्या पुढच्या खोलीत असायची आणि आई माठ दोनदा भरायची.

पुढच्या खोलीतल्या टीव्हीला लावून पाहिलं. दिवा लागला, चित्र नाही. नुसती खरखर.

१० सप्टेंबर, सांगली

ताई मिरजेहून गौरीसाठी आली. खोका पाहिल्यावर पर्ससुद्धा खाली न ठेवता तिने त्यात हात घातला आणि बरोबर दोन नंबरचा रिमोट उचलला. पाठीमागे नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे, तो तिनेच लावलेला. “हा माझा,” म्हणाली.

दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नाहीत. मूळ जपानी यंत्रातही, निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये, दुसरा रिमोट असाच होता, त्याचीच ही नक्कल. म्हणजे गेम सुरू करणं, मध्येच थांबवणं, सगळं पहिल्याच्या हातात. आणि पहिला रिमोट कायम माझ्याकडे. हे मला आज, तिच्या हातातला तो रिमोट बघताना, पहिल्यांदा नीट जाणवलं.

खोका पुण्याला नेतोय. भाऊबीज ३ नोव्हेंबरला आहे. तोवर दोघांनी खेळता येईल असा तयार करायचा, बंदुकीसकट.

२१ सप्टेंबर, पुणे

यंत्र उघडलं. सहा स्क्रू, एक गंजलेला.

लहानपणी वाटायचं की आत काय काय भरलेलं असेल. आत हाताच्या तळव्याएवढा एक बोर्ड आणि त्याच्या मधोमध डांबरासारखा काळा गोल ठिपका. सगळा गेम त्या ठिपक्याखाली. जपानमध्ये निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ला फॅमिकॉम बाजारात आणला, तेव्हा हिशेब करणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी वेगळी होती. नक्कल करणाऱ्यांनी पुढे दोन्ही एकाच तुकड्यात बसवल्या आणि वर इपॉक्सीचा थेंब सोडला. त्यामुळे यंत्र स्वस्त झालं आणि आमच्यासारख्यांच्या घरात आलं. पण ठिपक्याखालचं काही बिघडलं तर उपाय नाही, बोर्ड टाकूनच द्यायचा. म्हणून आधी बाकी सगळं तपासायचं.

मूळ फॅमिकॉम मासायुकी उएमुरा यांनी घडवला. कामासाठीची मेमरी अवघी २ किलोबाइट. २०२१च्या डिसेंबरमध्ये ते गेले. त्यांच्या यंत्राची नक्कल सांगलीतल्या एका पोराला उन्हाळाभर घरात बसवून ठेवत होती, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

बोर्डावर दिसलेलं: वीज जिथून आत येते तिथला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विजेचे हेलकावे सपाट करणारा डबा) वरून फुगलाय. दोन नंबरच्या पोर्टाचे दोन डाग, म्हणजे कथलाचे सांधे, तडकलेत. अँटेनाच्या वायरीची खाच हलते.

२८ सप्टेंबर

तापकीर गल्लीतून आणलं: कपॅसिटर, ७८०५ (व्होल्टेज आवरणारा भाग), बारीक वायर, डाग द्यायचं कथील, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली.

आधी अ‍ॅडॉप्टर. वर ९ व्होल्ट छापलंय, मोकळा मोजला तर १३च्या वर. हा जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅडॉप्टर, त्याला ओझं नसलं की तो असाच चढतो. म्हणून जुना १६ व्होल्टचा कपॅसिटर काढून २५ व्होल्टचा बसवला. सांगलीत उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली व्हायचं, तेव्हा तो बिचारा आधीच काठावर चालला असणार.

आणखी एक, विसरू नये म्हणून लिहून ठेवतो: या अ‍ॅडॉप्टरची मधली पिन ऋण आहे. हल्लीच्या बहुतेकांची धन असते. चुकून दुसरा खोचला तर गेलं.

७८०५चं काम एकच, वरून थोडं कमीजास्त आलं तरी खाली ५ व्होल्ट द्यायचे. जुनाच चांगला निघाला, ५.०२ दाखवतोय. नवा लागला नाही. त्याच्या पाठीला पत्र्याचा तुकडा आहे, तो अर्ध्या तासात एवढा तापायचा की यंत्राच्या वरच्या झाकणाला हात लावून आई म्हणायची, “आता बंद करा, त्याला ताप आलाय.” दहा मिनिटं पंख्याखाली ठेवायचो. तेवढ्यात कुणाचा किती स्कोअर होता यावर भांडण.

लावून पाहिलं. चित्र आलं! मारिओच्या पाटीचा तो विटकरी रंग. कपॅसिटर बदलायच्या आधी नुसती खरखर होती, ती गेली. वरून खाली सरकणारे दोन अंधूक पट्टे मात्र अजून दिसतात. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा फिरते, डायोडच्या पुलातून (उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवणाऱ्या भागातून) गेली की तिचे १०० हेलकावे होतात आणि टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा उमटतं, म्हणून पट्टे बरोबर दोन. जमिनीच्या (ग्राउंडच्या) वायरीचा डाग कच्चा होता, तो पुन्हा दिला. पट्टे गेले.

५ ऑक्टोबर

कॅसेटींचा दिवस.

कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या सोनेरी दातांवर तोंडभरून फुंकर घालायची आणि परत खोचायची. महाराष्ट्रातल्याच काय, जगातल्या प्रत्येक पोराने हे केलंय, कुणी कुणाला न शिकवता. खरं तर फुंकरीने काहीच होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की दात नव्या जागी टेकायचे, म्हणून चालायची. उलट तोंडातल्या ओलीने दात काळवंडतात. आमच्या पिवळ्या कॅसेटचे साठही दात डाव्या बाजूला जास्त काळे आहेत. मी डावीकडून फुंकायचो.

पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासले, मग अल्कोहोलने पुसले. कापसावर आलेला काळा मळ बघत बसलो थोडा वेळ. त्यात माझी नि ताईची फुंकर होती.

पिवळ्या कॅसेटमध्ये ९९९९९९९ गेम नाहीत, हे तेव्हाही चार दिवसांत कळलं होतं. मोजून चौदा. तेच गेम पुढच्या पुढच्या पातळीवरून सुरू होतात आणि यादीत वेगळ्या नावाने येतात. पण त्या चौदांत मारिओ, टँक, सर्कस, गाडीचा गेम, बदकं. आम्हाला सगळं होतं.

मारिओ तास-दीड तास खेळला. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडपं एकाच आकाराची ठेवली, फक्त रंग बदलला. हे माहीत झाल्यावर आज परत बघितलं तर खरंच, हिरवा ढग जमिनीवर बसलाय. ‘१-२’मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, छताच्या वरून पळत गेलं की पुढच्या जगांचे पाइप लागतात, ती वाट हातांना अजून पाठ आहे. विचार करायला गेलो तर पडलो. विचार सोडला तर पोचलो.

एक दुपार आठवली. आठव्या जगात पहिल्यांदा पोचलेलो, खोलीत नऊ-दहा पोरं श्वास रोखून, आणि लाइट गेली. या गेममध्ये काहीच साठवता येत नाही, बंद झालं की सुरुवातीपासून. मी रडायला लागलो. ताईने सगळ्यांना सांगितलं, “ह्याने बघितलंय आठवं जग. मी साक्षीदार आहे.” तिचा स्वतःचा नंबर त्या दुपारी आलाच नव्हता. मारिओत दोघं एकदम खेळत नाहीत. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. मी मरत नव्हतो आणि ती वाट बघत बसली होती.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजेत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच मांडला. लेकाने त्याच्या सायकलच्या शेजारी दोन्ही रिमोट आणून ठेवले, त्यांनाही झेंडू वाहिला.

दुपारी तेच रिमोट उघडले. पहिला: अधिक चिन्हाच्या बटणाखालचं रबर उजवीकडे झिजलंय. उजवीकडेच, कारण या सगळ्या गेममध्ये पुढे म्हणजे उजवीकडे. हे अधिक चिन्हाचं बटण गुनपेई योकोई यांनी १९८२च्या एका हातातल्या गेमसाठी काढलं आणि आज चाळीस वर्षांनंतरही बहुतेक रिमोटवर तेच आहे. रबराखालचा काळा कार्बनचा गोळा बोर्डावर टेकला की स्विच लागतो, एवढंच त्याचं काम. अल्कोहोलने पुसून पुरलं नाही, तेव्हा सिलेक्टच्या बटणाखालचा न झिजलेला गोळा काढून तिथे चिकटवला. मल्टिमीटरची बीप ऐकली आणि बरं वाटलं.

वायरी पाचच. ५ व्होल्ट, जमीन, आणि तीन कामाच्या. यंत्र एका वायरीवर ‘थांबा’ म्हणतं, त्या क्षणी आठ बटणांची स्थिती पकडली जाते. मग दुसऱ्या वायरीवर आठ टिचक्या वाजतात आणि प्रत्येक टिचकीला एक बटण तिसऱ्या वायरीवरून आपली खबर देतं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. कायम याच क्रमाने, पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक. पंढरीच्या वाटेवर पालखीत जसा प्रत्येक दिंडीचा नंबर ठरलेला, तसा.

दुसरा रिमोट उघडला तर आत स्टार्ट आणि सिलेक्टचे पट्टे बोर्डावर छापलेले आहेत. फक्त वर प्लॅस्टिकला भोकं नाहीत. ड्रिल हातात घेतलं होतं. मग तो नेलपॉलिशचा ठिपका दिसला आणि ठेवून दिलं. तिचा रिमोट तिला विचारल्याशिवाय कापायचा नाही.

या रिमोटचं अधिक चिन्ह चारी बाजूंनी सारखं झिजलंय, कारण तिचा गेम टँक. नॅमकोचा, १९८५चा. विटांच्या भिंतीत खाली मधोमध एक गरुड आणि तो वाचवायचा. गरुडाला गोळी लागली की लाइफ कितीही असोत, खेळ खलास. एका पातळीला शत्रूचे वीस टँक. पिवळा टँक पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा. मी पिवळा घेऊन थेट वर जायचो, ते येतात तिथेच त्यांना गाठायला. ताई गरुडापाशी थांबायची. वीस टँकांतले पंधरा माझे असायचे आणि पातळी संपल्यावर आकडे यायचे तेव्हा मी ते मोठ्याने वाचायचो. फावडं मिळालं की गरुडाभोवती थोडा वेळ लोखंडाची भिंत होते. ते फावडं कुठेही पडलं तरी ती मला ओरडून सांगायची, “तू घे, तू जवळ आहेस.”

आमची गोळी आमच्याच जोडीदाराला लागली की तो काही क्षण जागेवर गोठतो. मी तिला मुद्दाम गोठवायचो. तिने मला कधी गोठवलं असेल तर मला आठवत नाही.

१३ ऑक्टोबर

बंदूक चालवायची तर जुना, काचेच्या नळीचा टीव्ही हवा. घरातल्या सपाट टीव्हीवर ती चालणार नाही, आणि त्याला बंदुकीचा दोष नाही.

बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. नळीच्या तोंडाशी भिंग, त्याच्या मागे प्रकाश ओळखणारा डायोड. घोडा ओढला की गेम एक चित्रभर सगळा पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. डायोडला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. म्हणजे बंदूक झाडत नाही, बघते. यासाठी पडद्याने चित्र त्याच क्षणी दाखवावं लागतं. एक चित्र म्हणजे २० मिलिसेकंद. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःच्या मापात बसवतो आणि मग दाखवतो, तोवर दोन-तीन चित्रं निघून गेलेली असतात. पांढरा चौकोन उमटतो तेव्हा विचारणारा निघून गेलेला असतो.

रविवार म्हणून जुन्या बाजारात गेलो. चौदा इंची दोन टीव्ही दिसले. एकाची काच खरवडलेली, दुसरा दाखवायला विक्रेत्याकडे वीज नव्हती. रिकाम्या हाताने परत. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांना सहज विचारलं. त्यांनी दुकानाच्या पोटमाळ्यावरून चौदा इंची पोर्टेबल खाली उतरवला आणि लावून दाखवला. पैसे विचारले तर म्हणाले, “बंदूक चालली की मला एक बदक मारू द्या.”

त्या टीव्हीला समोर झाकण आहे, खाली प्रत्येक चॅनेलला एक बारीक चक्र. बाबा असंच चक्र नखाने फिरवायचे, आम्ही दोघं पडद्यापाशी बसून ओरडायचो, “आलं, आलं... गेलं!”

१९ ऑक्टोबर

दोन नंबरच्या पोर्टाचे डाग दिले. फारसं काम झालं नाही.

जास्तीच्या वायरी शोधायला कपाटाचा खालचा खण उपसला तर सगळी वर्षं बाहेर आली. प्लेस्टेशन २ची पिवळी-पांढरी-लाल वायर. २००६ साली पुण्यात चौघांनी वर्गणी काढून जुनं घेतलेलं, खोलीतल्या एकुलत्या एका टीव्हीला. त्याचं ८ मेगाबाइटचं मेमरी कार्डही सापडलं, माझ्या आद्याक्षराचं स्टिकर लावलेलं. मारिओसारखे दोनशे गेम त्या कार्डात मावले असते. तेव्हा वाटलं होतं, आता लाइट गेली तरी काही जाणार नाही. आणि खरंच गेलं नाही. पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं झालं, प्रत्येकाचा गेम वेगळ्या जागी पोचलेला. एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी झोपायचं, असं सुरू झालं. नंतर प्लेस्टेशन ४ घेतलं, त्यावर मी शेकडो तास खेळलो असेन, हेडफोन लावून, एकटा. त्यातले गेम सुंदर होते. त्यातल्या एकाही दुपारी खोलीत कोण होतं, हे मला सांगता येणार नाही. १९९६ची नऊच्या नऊ पोरं कोण कुठे बसायची हे सांगता येतं.

२६ ऑक्टोबर

बंदूक. तिच्या वायरी चारच: ५ व्होल्ट, जमीन, प्रकाश, घोडा. घोड्याची लागत होती, प्रकाशाची मुठीपाशी आतून तुटलेली. तेवढा तुकडा कापून डाग दिला. भिंगावर आतून बुरशी होती, पुसली.

बंदूक दोन नंबरच्या पोर्टात, पहिल्यात रिमोट, कारण गेम निवडायला तो लागतो. एकच बदक उडतं तो पहिला प्रकार लावला. दहापैकी चार. हात थरथरतो आता. बदक सुटलं की गवतातून कुत्रा वर येऊन हसतो, लेकाला तो फार आवडला.

पुन्हा सुरू केला तर बदकं वेडीवाकडी उडायला लागली. एक तर कोपऱ्यात जाऊन तिथेच घुटमळलं. वाटलं ठिपक्याखालचं काहीतरी गेलं. वळून बघितलं तर लेक रिमोट घेऊन बसलेला.

“बाबा, बदक माझं ऐकतंय.”

बरोबर होतं त्याचं. या प्रकारात रिमोटचं अधिक चिन्ह दाबलं की बदक त्या दिशेला वळतं. गेम करणाऱ्यांनीच ठेवलेली सोय, दुसऱ्या माणसासाठी. मला अठ्ठावीस वर्षांत कळली नव्हती.

मग हळूहळू लक्षात आलं. बंदूक माझ्या हातात असायची तेव्हा पहिला रिमोट ताईकडे असायचा. तेवढ्याच वेळेला.

२७ ऑक्टोबर

सकाळी फोन केला. आधी फराळाचं बोलली, चकल्या या वेळी बिघडल्या. मग विचारलं, “ताई, बदकं तू फिरवायचीस का गं?”

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुला आत्ता कळलं होय रे?”

“कशी कळली तुला ती सोय?”

“हातात रिमोट होता. बटण दाबून बघितलं. तू दोन बदकं सुटली की बंदूक आपटायचास, बाबा म्हणाले होते मोडली तर दुसरी नाही. म्हणून खाली आणायची, मधोमध. तुझा नेम चांगलाच होता पण. सगळी नाही फिरवली मी.”

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या ह्याचा नेम बघा. पाहुण्यांसमोर मला बंदूक देऊन उभं करायचे. मी नेम धरायचो आणि ती शेजारी, फरशीवर पाय पसरून, रिमोट मांडीवर.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना माहीत होतं का, हे विचारायचं राहिलं. भाऊबीजेला विचारेन.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनाच्या आधी काका येऊन गेले. एक बदक मारायचं ठरलं होतं, अकरा मारली.

टीव्ही रजईत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर बांधला, काच सीटच्या पाठीकडे. यंत्राची शेवटची चाचणी सलग दोन तास: पट्टे नाहीत, दोन्ही पोर्ट चालू, ७८०५ तापतोय पण हात टेकवता येतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज, मिरज

ओवाळून झाल्यावर ताटात पाकीट ठेवलं आणि टीव्हीवरची रजई काढली. ताईची मुलगी बारावीत आहे, तिने अशी वायर कधी पाहिली नव्हती. चक्र मी नखाने फिरवलं. पडद्यापाशी बसून ओरडायला दोघी होत्या.

टँक खेळलो. तिला पहिला रिमोट देत होतो, घेतला नाही, लाल ठिपक्याचाच हवा. या वेळी गरुडापाशी मी थांबलो. ती वर गेली, वीसपैकी तेरा तिचे. आकडे तिने मोठ्याने वाचले.

मग बदकं. बंदूक तिच्या हातात दिली. ती म्हणाली, तिने ही बंदूक आजवर एकदाच धरली होती, मी तापाने झोपलेलो असताना. मी रिमोट घेऊन फरशीवर बसलो. बाबांचं विचारलं. म्हणाली, “त्यांनीच तर एकदा खुणेने सांगितलं होतं, अजून खाली आण म्हणून.”

पहिलं बदक उडालं. मी हळूच खाली वळवलं, मधोमध आणून ठेवलं. तिने नेम धरला आणि मग बंदूक खाली घेतली.

“उडू दे की त्याला,” म्हणाली.

रिमोट बाजूला ठेवला. दहापैकी पाच. सहा लागतात, पहिल्याच फेरीला गेम संपला. कुत्र्याला दोघी मिळून ओरडल्या आणि पुन्हा सुरू केला.

राहिलेलं काम: बंदुकीची वायर मुठीपाशी परत सैल झालीय, मागचा तुकडा कापल्याने आता ओढ बसते. चार मीटर नवीन वायर. यंत्र आणि टीव्ही मिरजेलाच ठेवलेत, त्यामुळे पुढच्या खेपेला सोल्डरिंग आयर्न सोबत न्यायचं.